आतल्या खोलीची कडी

तिने भिंतीलगतची खुर्ची उचलली, दप्तरांतून वाट काढत पलीकडे नेली आणि आतल्या खोलीच्या दाराला पाठ लावून बसली. सरांचा फळ्यावरचा हात थांबला.

"पालकांनी खाली थांबायचं असतं."

"गुडघे दुखतात हो, सर. जिना चढउतार करवत नाही."

तेहेतीस वर्षांच्या बाईचे गुडघे! मागच्या बाकावरची दोन मुलं फिसकन हसली. तिची अकरा वर्षांची पुतणी मात्र लाजून वहीत डोकं खुपसून बसली.

त्या दिवसापासून ती पुतणीबरोबर रोज येऊ लागली, चार ते सहा. बाकीच्या आया जिन्याखाली मोबाइल घेऊन बसत, आणि वर्षअखेर हीच पहिली येणार म्हणून हसत. हिच्या हातात काही नसे. ती फक्त बघायची. सर बाकांमधून फिरू लागले की त्यांच्या हातांकडे. हात कुणाच्या खांद्याजवळ आला की खुर्ची करकरायची, आणि हात मागे जायचा.

क्लासची एक जुनी पद्धत होती. तास संपल्यावर ज्याला काही अडलं असेल त्याने एकट्याने आतल्या खोलीत जायचं आणि दार लावून घ्यायचं, म्हणजे लक्ष उडत नाही. बावीस वर्षांपूर्वी तिला अपूर्णांक अडले होते. त्या दाराची कडी आतून लागल्याचा आवाज तिच्या कानातून कधी गेला नाही. स्वतःच्या घरी मुलीच्या खोलीला तिने कडी बसवूच दिली नव्हती.

तेव्हा आईला सांगितलं, तर आई म्हणाली, उद्यापासून जाऊ नकोस, आणि कुठे बोलू नकोस. ती गप्प बसली. मागच्या महिन्यात जावेने मुलीचं नाव याच क्लासात घातल्याचं कळलं, तेव्हा तिने जावेला सगळं सांगून पाहिलं. लहानपणी माणसाला काय काय वाटतं, असं म्हणून जाऊ भाजी चिरू लागली. मग ती पोलीस चौकीत गेली. तिथल्या साहेबाने पाणी दिलं, सगळं लिहून घेतलं आणि शेवटी पेन खाली ठेवलं. ताई, बावीस वर्षं झाली. तुमच्याखेरीज आणखी कुणी बोलणारं असेल तर बघा.

पुतणीला काहीतरी सबब सांगून तिथून काढता आलं असतं. उरलेल्या सतरा मुलांचं काय? तिने खुर्ची उचलली.

पण नुसती राखण करायला ती बसली नव्हती, हे तिचं तिला ठाऊक होतं. त्याने रोज चार वाजण्याची धास्ती घ्यावी, जशी तिने घेतली होती, एवढं तिला हवं होतं. दुसऱ्या आठवड्यात खडू मोडू लागले. तिसऱ्या आठवड्यात एका पोराने भर वर्गात सांगितलं, "सर, हातचा राहिला." सरांनी कपाळ पुसलं. ती त्या रात्री कितीतरी दिवसांनी गाढ झोपली. दया यायला हवी होती म्हणे. आली नाही.

एका संध्याकाळी मुलं उठत असताना सर खुर्चीपाशी येऊन उभे राहिले.

"काय हवंय तुम्हाला?" आवाज अगदी खाली होता.

"अपूर्णांक अडलेत, सर. जुनेच आहेत."

ते तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर तिच्या खांद्यांवर गेली, जणू तिथे काहीतरी असायला हवं होतं, आणि चेहरा उतरत गेला. त्या दिवसापासून कुणाला काही अडलं तर सर फळ्यापाशीच सांगू लागले.

सरांच्या बायकोला सगळी मुलं काकू म्हणत. पाच वाजता पाण्याचा तांब्या आणून ठेवायच्या आणि मान वर न करता आत जायच्या. बावीस वर्षांपूर्वीही अशाच. दार बंद असताना स्वयंपाकघरात भांडी घासत असायच्या, नळ मोठा सोडून.

शुक्रवारी तास सुटला. पुतणी जिन्याखाली, आज न्यायला आलेल्या आपल्या आईकडे गेली. ती चपला घालत होती, तेवढ्यात काकू दाराबाहेर आल्या आणि पदराखालून एक फडकं काढून त्यांनी तिच्या हातात दिलं. आत लोखंडी कडी होती, चार स्क्रूंसकट.

"दुपारी ते झोपले होते, तेव्हा काढली."

"आज?"

"आज." काकूंची मान खालीच होती. "दोन वेण्या घालायचीस तू. जाताना एक सुटलेली असायची."

तिने कठडा धरला. आत स्वयंपाकघरात नळ धो धो वाहत होता. तो मघापासून वाहत होता, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"नळ मोठा का सोडायचात, काकू?"

काकूंनी पदराला हात पुसले.

"ऐकू येऊ नये म्हणून."

तिने कडी फडक्यात नीट गुंडाळली आणि परत काकूंच्या हातात ठेवली.

"ही मला देऊन सुटू नका. चौकी समोरच्या वळणावर आहे. तिथल्या साहेबाला आणखी एक माणूस हवंय. तुमच्या हाताने त्याच्या टेबलावर ठेवा."

"या वयात मी कुठे जाऊ गं?"

"मी अकरा वर्षांची होते. मी कुठे जायचं होतं?"

आतून सरांनी हाक मारली. चहाचं काय झालं?

काकू सवयीने वळल्या आणि आत गेल्या. ती जिन्यात उभी राहिली. दार उघडंच होतं. वर्गात रिकामी खुर्ची होती, तिच्यामागच्या दारावर कडीच्या जागी चार भोकं. तिने ठरवलं, शंभर मोजायचे, मग निघायचं.

साठाच्या पुढे कुठेतरी आतला नळ बंद झाला.

सरांची दुसरी हाक आली, या वेळी चढ्या आवाजात. काकू फडकं छातीशी धरून बाहेर आल्या आणि वाकून, एका हाताने, आपल्या चपला शोधू लागल्या.