सुनेने दिलेला निकाल

किशोरी पहिल्यांदा नापास झाली ती तिच्या मायाळू स्वभावामुळे. बुद्धिबळाच्या पंचांसाठी घेतलेल्या शिबिरात ती पुढच्या बाकावर बसून सगळं मन लावून शिकली. पण लेखी परीक्षेत प्रश्न आला, 'छोट्या मुलाने नको त्या सोंगटीला हात लावला आणि तो रडू लागला, तर काय कराल?' किशोरीने लिहून टाकलं, 'एवढ्या वेळेस माफ करीन.' असाच जीव लावून तिने आणखी चार उत्तरं लिहिली.

शिकवणारे कमलाकर सर हसून म्हणाले, "ताई, डोळे पुसायला रुमाल द्या. पण हात लावला ती सोंगटी खेळवायचीच."

घरी आल्यावर सासरे म्हणाले, "पुन्ना बस परीक्षेला. मी बघतो कशी नापास होतंस ती."

सासऱ्यांना सगळं गाव दाजी म्हणे. उरणच्या मिठागरावर राखण करता करता ते बुद्धिबळ शिकले, आणि लग्न होऊन आलेल्या सुनेला ओटीवर बसवून त्यांनीच शिकवलं. आता पनवेलच्या फ्लॅटमध्ये किशोरी बोंबील साफ करायला बसली, की दाजी नियमांचं पुस्तक घेऊन समोर बसत. "समज, खेलता खेलता एकाचा हात लागून पट सांडला. मंग?" सासूबाई कृष्णाबाई वैतागून म्हणत, "मंग काय? तुमच्या नादानं माजं कालवन करपलं!"

दुसऱ्या खेपेला किशोरी चांगल्या गुणांनी पास झाली. पण नुसत्या परीक्षेवर भागत नाही. स्पर्धांमध्ये मुख्य पंचांच्या हाताखाली काम करावं लागतं, आणि त्यांचा शेरा चांगला आला तरच पुढची पायरी. किशोरीची पहिली स्पर्धा पनवेलातच होती आणि मुख्य पंच होते कमलाकर सर. दाजींनी लगेच खेळायला आपलंही नाव दिलं.

सकाळी किशोरीने माइकवरून बजावलं, "मोबाइल बंद करून टेबलावर जमा करा. खेळताना कुणाचा वाजला, तर तो डाव हरला."

दाजींचा डाव कळंबोलीच्या सत्यजीतशी पडला. पोरगा ट्रकच्या धंद्यातला, खेळायला तिखट. पण दाजींनी त्याचा हत्ती असा कोंडला की बघणारे एकमेकांना खुणावू लागले. किशोरी त्या रांगेवरून जाताना मुद्दाम दुसरीकडे बघत होती. हसू आवरत नव्हतं.

तेवढ्यात दाजींच्या बंडीतून आई एकवीरेचं गाणं दणक्यात सुरू झालं.

सगळा हॉल वळून बघू लागला. दाजींनी घाईघाईने बटण दाबलं, तर भलतंच दाबलं गेलं आणि कृष्णाबाईंचा आवाज घुमला, "अवो, जेवाला येताव का नाय?"

हॉलभर खसखस पिकली. दाजींचा चेहरा मात्र उतरला. किशोरीने घड्याळ थांबवलं.

"मॅडम, राहू द्या," सत्यजीत म्हणाला. "आजोबा जिंकत होते. मला असा पॉइंट नको."

कमलाकर सर जवळ आले आणि हळूच म्हणाले, "घरचा माणूस आहे. मी देऊ का निकाल?"

ज्यांनी हाताला धरून पहिली चाल शिकवली, त्यांच्या तोंडावर काय सांगायचं? पण सकाळी माइकवर तीच बोलली होती.

"नको सर. मीच देते." ती दाजींकडे वळली. "दाजी, मोबाइल वाजला. तुम्ही डाव हरलात." मग सत्यजीतला म्हणाली, "नको म्हणायची सोय नियमात नाही. पॉइंट तुमचाच."

दाजींनी निकालाच्या कागदावर सही केली आणि खाली मान घालून ते बाहेर गेले.

फेरी संपेपर्यंत किशोरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. दाजी रागावून घरी गेले असणार, असं समजून ती जिन्याकडे धावली. तर खाली चहाच्या टपरीपाशी माणसांचा घोळका, आणि मध्ये दाजी हातवारे करत उभे.

"अरं, समोरचा पोरगा सोडाला तयार, साहेब मदतीला तयार. पन ही नाय हलली! सासऱ्याला सरल हरवला! कोन हाय म्हायती? माजी सून हाय ती!"

सत्यजीत त्यांच्या शेजारी वडापाव खात होता. किशोरीला बघून दाजी ओरडले, "ये, चा पी. तुज्या सासूला फोन करून सांगितलाय, तुज्या पायी हारलो म्हनून. ती म्हनते, बरा झाला, आता तरी वेलेवर जेवाल!"

किशोरी इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मागून आलेले कमलाकर सर म्हणाले, "शेऱ्यात काय लिहायचं, ते माझं ठरलंय. तुम्ही आता पुढच्या शिबिराची तयारी करा."

पुढच्या फेरीत दाजी पुन्हा पटावर बसले. खेळ रंगात आला असताना त्यांनी शाळकरी पोरासारखा हात वर केला. किशोरी जवळ गेली.

लग्न झाल्यापासून तिला अगंतुगं करणारे दाजी अदबीने म्हणाले, "पंचबाय, तुमी परवानगी दिली तर वाईच पानी पिऊन येतो."

"या," किशोरी म्हणाली, "पण घड्याळ चालूच राहील हं!"