सत्तर टक्के

आमच्या ह्यांना काम सांगावं लागत नाही, हीच मोठी अडचण आहे. टॅक्सी मी चालवते, घर ते सांभाळतात. दिवसभर उन्हाने माझा खिडकीकडचा हात भाजून निघतो, ते त्यांना बघवेना. मी दुपारी जरा आडवी झाले, तेवढ्यात त्यांनी पुढच्या दोन्ही दारांच्या काचांना काळी फिल्म चिकटवून टाकली. एक बुडबुडा नाही की सुरकुती नाही.

"नियमाप्रमाणेच आणलीय," ते ऐटीत म्हणाले. "सत्तर टक्के."

दुसऱ्याच दिवशी टॅक्सीची तपासणी होती. नापास झाले तर परवाना अडकणार आणि मी घरी बसणार. घरी बसायचं म्हटलं की मी भिंतींशीसुद्धा भांडते.

तपासणीच्या बाईंनी काचेला उजेड मोजायचा मीटर लावला. "अहो, तीसच येतंय!"

"छे हो, पुरती सत्तर आहे," हे पुढे सरसावले. "सत्तर टक्के उजेड अडवते. दुकानदाराला दोनदा विचारलंय."

"काका, सत्तर टक्के उजेड आत यायला हवा. अडवायचा नाही!"

ह्यांचा चेहरा पडला. माझा पारा चढला. "उचलली फिल्म, लावली काचेला!"

बाईंना हसू आवरेना. "ऑफिस बंद व्हायच्या आत काढून आणा. पुन्हा बघते."

शेजारच्या सलूनमधून केस वाळवायचं मशीन मागून आणलं. हे काच तापवणार, मी नखांनी सोलणार. फिल्म काही केल्या सुटेना.

"इतकी पक्की कशाला चिकटवायची म्हणते मी?"

"तुझ्यासाठी होती ना," ते हळूच म्हणाले.

माझा माणूस चुकतो, पण माझ्याच काळजीने चुकतो. मी सोलत राहिले.

बाई कुलूप घेऊन बाहेर आल्या, तेव्हा शेवटचा तुकडा निघाला. त्यांनी परत मीटर लावला. "पास!" मी त्यांना मिठीच मारणार होते.

परत निघालो तर हे गिऱ्हाईकासारखे माझ्या मागे बसले. उतरतं ऊन थेट हातावर येत होतं. तेवढ्यात मागून त्यांचा पंजा आला आणि काच नि माझा हात यांच्यामध्ये आडवा झाला.

"अहो, हे काय?"

"एवढं कायद्यात बसतं," ते म्हणाले. "मीटर लावून बघ हवं तर."

मी मुद्दाम लांबचा रस्ता धरला.