महिपतचा चष्मा आणि माझी झडप

मित्रांनो, लांबून पाहिलेत तर मी तुम्हाला कपड्यांचे कपाट वाटेन. माणसाहून उंच, दोन दारांचा, स्टीलचा. पण माझ्यात कोणी कधी कपडे ठेवले नाहीत. मी एक जुना ड्रायर आहे, कारखान्यातला ओला माल वाळवणारा. पोटात अठ्ठेचाळीस ट्रे, पाठीशी पंखा, बाजूला हीटर आणि डोक्यावर हातभर लांबीची एक नळी. त्या नळीत एक झडप आहे. ती लक्षात ठेवा, कारण माझी गोष्ट तिच्यापाशीच येऊन अडते.

माझा जन्म ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला. एका शेडमध्ये मला घडवले आणि दोन गल्ल्या पलीकडच्या औषधांच्या कारखान्यात नेऊन उभे केले. तिथे गोळ्यांसाठी भिजवलेली पावडर माझ्या पोटात येई. सकाळचा लगदा दुपारी रव्यासारखा मोकळा होऊन बाहेर पडे. पहिल्या दिवसापासून मला एकच प्रश्न पडला होता. एवढे पाणी जाते कुठे? नळीतून वर जाते, एवढे मला कळे. पण वर म्हणजे कुठे? येऊरच्या डोंगरावर जाऊन बसते, की खाडीत परत जाते? कोणाला विचारणार? मला आवाज आहे तो फक्त पंख्याचा.

माझा ऑपरेटर महिपत मात्र माझ्याच जातीचा चौकस होता. माल वाळला की नाही हे पाहायची त्याची स्वतःची रीत होती. तो स्टुलावर चढायचा, डोळ्यांवरचा जाड चष्मा काढायचा आणि माझ्या नळीच्या तोंडाशी धरायचा. काच धुरकटली की म्हणायचा, "अजून पाणी जातंय." काच स्वच्छ राहिली की दार उघडायचा. साहेब लोक प्रयोगशाळेतून ओलाव्याचा आकडा मागवत, आणि तो आकडा बहुतेक वेळा महिपतच्या चष्म्याशी जुळे. तेव्हा मला फार अभिमान वाटे. जणू चष्मा माझाच होता.

पुढे कारखान्यात पडद्यावर आकडे दाखवणारे नवे यंत्र आले. मला ताडपत्री घालून मागच्या भिंतीशी लावले. महिपत निवृत्त होऊन दिवा गावातल्या आपल्या खोलीवर जाणार होता. जाण्याआधी त्याने माझ्या स्विचच्या पेटीचे दार उघडले आणि आतल्या बाजूला मार्करने लिहिले, 'अडलं तर फोन करा. महिपत.' खाली नंबर. मला हसू आले. ताडपत्रीखालच्या ड्रायरला कोणाचे काय अडणार?

पण गेल्या वर्षी कल्याणच्या हेमाताईंनी मला नेले. त्या नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून लहान मुलांसाठी सत्त्व करत. आजवर सगळे गच्चीवर वाळायचे. त्या पावसाळ्यात दिव्यातल्या सहा बालवाड्यांनी त्यांच्याकडे सत्त्व मागितले, आणि ऊन तर दिसेना. म्हणून मी आलो. त्यांचा धाकटा भाऊ साईनाथ वायरमन होता. त्याने माझे जुने वायरिंग बदलले, पंख्याला तेल दिले. कितीतरी वर्षांनी माझे पोट गरम झाले तेव्हा मला रडूच आले असते.

रडू आलेही, पण वेगळ्या कारणाने. पहिला घाणा वाळलाच नाही. दिवसभर पंखा फिरला, हीटर तापला, आणि संध्याकाळी नाचणी ओलीच. तिला आंबूस वास आला. दुसऱ्या घाण्याला साईनाथने आच वाढवली, तर वास आणखी लवकर आला. माझ्या आतल्या पत्र्यावरून पाण्याचे ओघळ वाहत होते. हेमाताईंच्या शेडमध्ये काम करणाऱ्या पाच बायका ओलसर नाचणी पोत्यात भरू लागल्या. तिसरा घाणा लावताना हेमाताई भावाला म्हणाल्या, "हा पण गेला ना, तर मी बालवाड्यांना नाही म्हणून कळवते. आणि याला भंगारात दे."

मला सगळे कळत होते आणि काही सांगता येत नव्हते. शेवटी साईनाथने फ्यूज तपासायला पेटी उघडली आणि त्याला ते मार्करचे अक्षर दिसले. फोन लागला.

दुपारी एक म्हातारा शेडमध्ये आला. मी त्याला ओळखलेच नाही, कारण त्याच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्याने माझ्या दारावर हात ठेवला, पंख्याचा आवाज ऐकला आणि स्टूल मागितले. मग खिशातून एक जुना, एका काडीचा चष्मा काढला. साईनाथने विचारले, काका, हा कशाला? तर म्हणाला, "मोतीबिंदू काढलाय, मला लागत नाही आता. पण म्हटलं, याला लागेल."

"पाणी जात असलं की काच धुरकटते," असे सांगत त्याने चष्मा नळीशी धरला. काच स्वच्छ.

"म्हणजे वाळली?" हेमाताईंनी आशेने विचारले.

महिपत खाली उतरला. एक ट्रे ओढून त्याने मूठभर नाचणी दाबली. मूठ उघडली तरी लाडू तसाच.

"माल ओला, पंखा चालू, आच आहे," तो म्हणाला, "आणि नळीतून काहीच नाही. मग पाणी जातंय कुठे?"

तोच माझा प्रश्न, मित्रांनो. तो पुन्हा स्टुलावर चढला आणि नळीत हात घातला. झडप घट्ट बंद होती, वर चिंधी कोंबलेली.

साईनाथ खाली मान घालून म्हणाला, "मीच बंद केलेली. गरम हवा फुकट बाहेर जात होती ना."

"पहिल्या वर्षी मीपण केलेली," महिपत म्हणाला. "अख्खा माल फेकायला लागला. हा चष्मा धरायची सवय तिथनं लागली."

खरे आहे. ही गोष्ट मी इतकी वर्षे पोटात ठेवली होती.

त्याने चिंधी ओढली, झडप उघडली. माझ्या छातीत कोंडलेला श्वास भसकन बाहेर पडला. महिपतने चष्मा धरला आणि काच एका क्षणात पांढरी झाली. हेमाताईंनी त्या काचेवरून बोट फिरवले आणि ओले बोट सगळ्यांना दाखवत राहिल्या. घाणा आंबला नव्हता. दिवे लागायच्या आत नाचणी मोकळी झाली, आणि काच पुन्हा स्वच्छ.

आता तो चष्मा माझ्या नळीला दोरीने बांधलेला आहे. महिपत जाताना विसरला नाही, मुद्दाम ठेवून गेला. पाणी शेवटी जाते कुठे, ते मला अजूनही नीट ठाऊक नाही. तुम्ही शोधून काढलेत तर मला जरूर सांगा.

मित्रांनो, जुन्या यंत्राला ऊब द्यायला सगळे तयार असतात. तुम्ही त्याची वाटही मोकळी ठेवा. आणि ज्याने त्याला वर्षानुवर्षे ऐकले आहे, त्याचा नंबर पुसू नका.