कापसाच्या फुलांचे वाडगे

नवरूझ, म्हणजे वसंतातलं नवं वर्ष, होऊन तीन दिवस झाल्यावर तुर्गुनने तळघराचं दार उघडलं आणि खाली उतरण्याआधी वासावरूनच त्याला कळलं. टोपलीत वाळूखाली ठेवलेले डेलियाचे कंद सडले होते. एक उचलला तर बोटांत नुसता चिखल आला. त्याने सगळी टोपली उपसली. एकही धड नव्हता.

त्याची बायको मुकर्रम पानगळीत गेली. जाण्याआधी तिने दरवर्षीसारखे ते कंद स्वतः उकरून ठेवले होते. ते जपायचे म्हणून तुर्गुन हिवाळाभर दर शुक्रवारी खाली उतरून त्यांना पाणी घालत होता. एकही शुक्रवार त्याने चुकवला नव्हता.

ती गेल्यावर शेजारपाजाऱ्यांकडून शोरबा, पुलाव असं काही ना काही येत राहिलं. त्यांच्या मर्गिलान शहरात शेजाऱ्याचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. मुकर्रम वसंतात अशा वाडग्यांत कोंब फुटलेला कंद घालून द्यायची. तुर्गुनला रांधता येत नव्हतं, तेव्हा आपणही तेच करायचं असं त्याने ठरवलं होतं. फडताळात अकरा वाडगे धुऊन ठेवलेले होते. आता त्यांत काय घालणार?

दोन दिवस तो गल्लीत फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी शेजारची होसियत-आपा आपला वाडगा मागायला आली. पाहुणे यायचे आहेत आणि अर्धी गल्ली ताटलीतून शोरबा पितेय, म्हणाली. मग त्याला सांगावंच लागलं. ती तळघरात डोकावून आली आणि लाकडी ओसरीच्या कडेला बसली.

"झोपलेल्याला उठवून पाणी पाजतं का रे कुणी?"

"तहान लागेल असं वाटलं, आपा."

"चाळीस वर्षं ती कंद जपत होती आणि तू याच ओसरीवर बसून नुसता चहा ढोसलास."

ते खरंच होतं. तिला हसू आलं, मग त्यालाही.

वाडगा आता कोंबासकटच घेईन, असं म्हणत ती घरी जाऊन कंदांचा एक गड्डा घेऊन आली. तोही मूळचा मुकर्रमनेच दिलेल्या कंदाचा. तुर्गुन सुरी मधोमध घालायला गेला तशी तिने हात धरला. कोंब फुटतो तो डोळा जाड भागावर नसतो, जुन्या देठाच्या बुडाशी असतो. डोळ्याविना तुकडा लावला तर तो नुसता बटाटा. तुर्गुनने चष्मा घातला. पाच तुकडे निघाले. कापलेल्या जागी राख लावून त्याने ते तेलाच्या रिकाम्या डब्यांत लावले आणि डबे ओसरीवर सकाळचं ऊन येतं तिथे मांडले.

कोंब दिसेपर्यंत पाणी घालायचं नाही, असं आपाने बजावलं होतं. तेच सगळ्यांत अवघड गेलं. रोज सकाळी तो झारी घेऊन उभा राहायचा.

"झारी खाली ठेव," भिंतीपलीकडून आवाज यायचा.

अठराव्या दिवशी पहिला लालसर कोंब दिसला. आठवड्याभरात पाचही डब्यांत कोंब फुटले.

एक डबा त्याने ओसरीवर ठेवला. उरलेल्या चारांसाठी वाडगे काढले आणि तिथेच अडला. सगळे सारखे, निळ्यावर पांढरी कापसाची फुलं. कुठला कुणाचा?

"कुणाचाही कुणाला दे," आपा म्हणाली. "सगळ्यांच्या घरी तोच कापूस आहे."

पहिला त्याने तिलाच दिला. तिने तो फिरवून पाहिला, माझ्या वाडग्याचा टवका उडालेला होता, हा माझा नव्हे, असं म्हणाली आणि ठेवून घेतला. बाकी तीन घरांत त्याला चहाला बसवलं, आणि मुकर्रमच्या गोष्टी निघाल्या. तो सगळीकडे बसला.

ओसरीवरच्या डेलियाला आता सहा पानं आहेत. पानगळीत त्या रोपाचा गड्डा कोरडा ठेवायचा, पुढच्या वसंतात कापायचा. सात वाडगे अजून परत करायचे आहेत.