नायिकेचा नवरा कोण?

टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेतला प्रत्येक प्रश्न आधी तिच्या हाताखालून जायचा. बावीस वर्षं ती प्रश्न तपासत होती. नद्या, राजे, ग्रह, कुणाचीही तिने गय केली नव्हती. वैताग होता तो फक्त सिनेमाच्या प्रश्नांचा. "डोंगर जागचे हलत नाहीत, ही माणसं रोज हलतात," असं ती म्हणायची.

आणि तिची आत्या नेमकी या हलणाऱ्या माणसांवर डोळा ठेवून असायची. कुणाचं जमलं, कुणाचं फिस्कटलं, हे रोज सकाळी भाचीला फोनवर सांगितल्याशिवाय आत्याला चहा गोड लागत नसे. त्या दिवशी चित्रीकरणाची घाई होती, म्हणून भाचीने फोन उचललाच नाही.

दुपारी स्पर्धकाच्या खुर्चीत एक नळदुरुस्तीवाला बसला होता. बारा उत्तरं त्याने चुटकीसरशी दिली. तेराव्या प्रश्नाला निवेदकाने एका लाडक्या नायिकेचा फोटो दाखवून विचारलं, "हिचा नवरा कोण?" चार नावं झळकली.

नळवाल्याने मान खाजवली. "यातला दुसरा होता, कालपर्यंत. आजपासून जागा रिकामी आहे."

प्रेक्षक हसले. निवेदक म्हणाला, "चारातलाच एक निवडावा लागेल."

"चुकीचाच निवडायचा, तर कुठलाही चालेल की."

चित्रीकरण थांबलं. निर्माता तिच्याकडे वळला. उत्तराच्या कागदावर तिची सही होती, लग्नाचा फोटोही जोडलेला होता. पण माणूस इतका ठाम होता की तिला राहवेना. कोपऱ्यात जाऊन तिने आत्याला फोन लावला.

"सकाळपासून नऊ वेळा फोन केला तुला," आत्या म्हणाली. "काल कोर्टाने घटस्फोट दिला, आज तिने स्वतः जाहीर केलं. मला तर गेल्या वर्षीच वास आला होता. लग्नाच्या वाढदिवसाला एकटीचा फोटो कोण टाकतं?"

तिने बातमी पडताळली, चेहरा गोरामोरा झाला, आणि ती निर्मात्याला म्हणाली, "प्रश्न माझा चुकला. त्यांचं उत्तर बरोबर धरा."

टाळ्या पडल्या. पुढचा प्रश्न धातूंचा होता, म्हणून तिचा जीव भांड्यात पडला. पितळ करायला तांब्यात काय मिसळतात? नळवाला बेधडक म्हणाला, "कथील." उत्तर होतं जस्त. गडी बाद झाला.

ती त्याला निरोप द्यायला दारापर्यंत गेली. "पितळी तोट्या तर तुम्ही रोज बसवता," ती म्हणाली.

"बसवतो. पण त्यांच्या संसारात कधी डोकावलो नाही."

संध्याकाळी तिने आत्याला पुन्हा फोन केला. यापुढे सिनेमाचे प्रश्न आत्याने तपासून द्यावेत, असं निर्मात्याने ठरवलं होतं.

"देते की," आत्या म्हणाली. "पण आधी मला सांग, तुमच्या त्या निवेदकाचं नक्की कुणाशी जमलंय?"