कुवेतचे आरसे आणि माझी दारं

मी एक जुनी मॉरिस मोटार आहे. मित्रांनो, ‘जुनी’ हा शब्द तुमच्या सोयीसाठी. खरा शब्द ‘खानदानी’. सध्या हर्णे गावात एका फणसाखाली उभी असते. मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालते, आणि ज्यांना मोटारीतलं काडीचं कळत नाही अशी पोरं माझ्या टपावरून उड्या मारतात. तुम्हीही त्यांच्यातलेच असणार. तरी सांगते.

माझा जन्म विलायतेतला. मुंबईच्या धक्क्यावर उतरले तेव्हा तिथल्या क्रेनने मान लववून मला सलाम केला. पुढे दापोलीच्या एका डॉक्टरांकडे मी बरीच वर्षं होते. माझा हॉर्न वाजला की माडावरची शहाळी आपणहून खाली उतरत, तीही सोललेली. एकदा घाटात एक बिबट्या माझ्या मागे लागला आणि इतका दमला की शेवटी एस.टी.ने घरी गेला. पटत नसेल तर सोडून द्या. बिबट्यालाही आधी पटलं नव्हतं.

आणि हे सगळं मी दारांवर आरसे नसताना केलं. खानदानी मोटारीला मागे कोण काय करतंय याच्याशी कर्तव्य नसतं.

डॉक्टर थकले, आणि मला सुलेमान तांडेलाने विकत घेतलं. उभा जन्म मचव्याचं सुकाणू धरलेला माणूस. तरुणपणी डोलकाठीवरून पडला, तेव्हापासून त्याची मान आखडलेली. समोर बघायचा, बाकीच्या दिशा अल्लाच्या हवाली. समुद्रावर हे चालून जातं, कारण समुद्राला कुंपण नसतं. पण सुलेमानचं घर एका अरुंद बोळाच्या टोकाला. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वळायला जागा नाही. मला बाहेर काढायचं तर उलटंच, आणि बोळाच्या तोंडाशी सोनूबाई कोळीण काठ्यांवर बोंबील वाळत घालायची.

पुढे काय झालं ते तुमच्यासारख्यांनाही कळेल.

“ओ तांडेलानू,” कंबरेवर हात ठेवून सोनूबाई म्हणाली, “समुद्रातले पळतात म्हणून वाळलेले मारताव काय?”

मग बोलली सुलेमानची बायको मैमुना. तिचं बोलणं म्हणजे खेकड्याची नांगी, धरलं की सोडत नाही.

“ऐका. मासूमाच्या लग्नापर्यंत हिचं बूड आणखी कुठं आपटलं, तर ही सावर्ड्याला भिकाजीच्या भंगारात. पोर भाड्याच्या गाडीतनं जाईल.”

“मासूमाला मीच सोडणार,” सुलेमान म्हणाला.

“कशी? मान हाय काय वळवायला?”

मासूमा त्यांची धाकटी. ती जन्मली तेव्हा सुलेमान कोचीनच्या वाटेवर होता. ती चालायला लागली तेव्हा मंगळूरला. शाळेत जायला लागली तेव्हा कुठे होता ते त्यालाच आठवत नसे. सासरी तरी तिला आपल्या हाताने पोचवायचं, एवढंच त्याने धरून ठेवलं होतं. मला घेतलं ते त्यासाठीच. माझ्या सौंदर्यासाठी नव्हे, हे मला बरंच उशिरा कळलं. असो.

थोरला असलम कुवेतला होता. बापाची अडचण त्याला कळली आणि गावच्या एकाबरोबर त्याने दोन आरसे धाडले. तिथल्या मोडक्या मोटारींच्या ढिगातून उचललेले. एक गोल, फुगीर, नुकताच जेवल्यासारखा. दुसरा सपाट, चौकोनी, उपाशी. एकाच पुठ्ठ्यात आले म्हणून भाऊ म्हणायचे, एरवी नातं काही लागत नव्हतं.

दापोलीहून गंगाराम मिस्त्री आला. त्याने माझ्या विलायती पत्र्याला, जिथे डॉक्टरांनी कधी बोटही टेकू दिलं नव्हतं, सरळ भोकं पाडली. गोल आरसा उजव्या दारावर आला, चौकोनी डाव्या. मी आरशात पाहिलेली नाही, पण एका कानात झुमका आणि दुसऱ्यात कुलूप घातलेली म्हातारी तुम्ही पाहिली असेल तर कल्पना येईल.

आता खरी गंमत ऐका. कुवेतात मोटार चालवणारा डावीकडे बसतो. त्यामुळे दोन्ही आरशांचा रोख डावीकडच्या डोळ्यांसाठी धरलेला. हे इतकी वर्षं तिथे राहून असलमच्या ध्यानात आलं नव्हतं, गंगारामला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला विचारतो कोण? सुलेमान उजवीकडे बसला. डाव्या आरशात त्याला माझीच मागची सीट दिसली. उजव्यात समुद्र.

“दर्या दिसतो,” तो खूश होऊन म्हणाला.

“रस्ता दिसतो काय?”

“दर्या एकदम साफ दिसतो.”

गंगारामने आरसे वळवायला जोर लावला. मुळाशी कडकड वाजलं तसा त्याने हात काढून घेतला. “गंजलेत. मोडतील. तांडेलानू, सवयीने जमेल.” सगळ्या नालायक कारागिरांचं हे शेवटचं वाक्य असतं.

सुलेमानने मला मागे घेतलं. उजव्या आरशात कुणाची तरी होडी बंदराला लागत होती. कुणाची, हे तो बघत राहिला. आणि मी सोनूबाईच्या बोंबलांत.

या वेळी मैमुना ओरडली नाही. तिने सावर्ड्याला निरोप धाडला. लग्न दोन दिवसांवर होतं. सुलेमान दारातल्या पायरीवर बसून राहिला, समोर बघत. त्याला दुसरं येतच नव्हतं.

भिकाजी आला. त्याने माझ्या पत्र्यावर टिचक्या मारल्या, कलिंगड बघावं तशा. मैमुना माझ्या डाव्या सीटवर बसून पुढच्या खणातलं सामान काढत होती: तपकिरीची डबी, सुलेमानचा चष्मा, मासूमाच्या तुटक्या बांगड्या. भिकाजी हळूच मागे गेला आणि माझ्या चाकाची चकचकीत वाटी उपटायला लागला.

“भिकाजी,” मैमुना मान न वळवता म्हणाली, “ती वाटी जिथली तिथं लावा.”

भिकाजीच्या हातून वाटी पडली. मैमुनाने पुन्हा डाव्या आरशात पाहिलं, मग उजव्यात. अख्खा बोळ, दोन्ही गडगे, सोनूबाई, तिचा एकेक बोंबील, सगळं तिच्या पुढ्यात आलं होतं.

“या इकडं,” तिने नवऱ्याला हाक मारली. “बसा. मागं घ्या.”

“कशाला? विकायची ना?”

“घ्या म्हणते ना. मी सांगते तशी.”

सुलेमान तांडेलाने मचव्यावर कधी कुणाचं ऐकलं नव्हतं. वाऱ्याचंसुद्धा नाही. पण मचव्याच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभं राहून खडक दिसला की ओरडणारा एक माणूस त्याच्याकडे असायचा, आणि त्याचं ऐकावंच लागायचं. ती सवय त्याच्या हातांत होती.

“सरळ येऊ द्या. थोडी उजवीकडं. जास्त नाय. गडगा आला. आता सोडा.”

मी बोळाबाहेर आले. एका बोंबलाला धक्का न लावता. सोनूबाई काठी हातात घेऊन उभी होती, तिची निराशा झाली. भिकाजी रिकाम्या हाताने परत गेला. त्याची मला दया आली नाही.

लग्नाच्या दिवशी बायकांत कुजबुज सुरू झाली. पाठवणीच्या गाडीत मुलीची आई कधी बसते काय?

“मी आई म्हणून नाय चालले,” मैमुना म्हणाली. “मी आरसा म्हणून चालले.” आणि डाव्या सीटवर जाऊन बसली.

मासूमा मागे बसली, हिरव्या ओढणीत. दाभोळपर्यंत चढउतारांची वाट. मैमुना एकसारखी सांगत होती: एस.टी. येते मागनं, जाऊ द्या तिला. बैलगाडी हाय, सांभाळा. सुलेमान सरळ समोर बघत होता. पण मित्रांनो, त्याचे डोळे सारखे डाव्या आरशाकडे जात होते. तोच निकामी, उपाशी चौकोन, ज्यात फक्त माझी मागची सीट दिसायची. मान न वळवता त्याने हर्ण्यापासून दाभोळपर्यंत आपली लेक पाहिली. इतका वेळ सलग तिला त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

वळणावर एकदा उजव्या आरशात दर्या आला. सुलेमानने तिकडे बघितलंही नाही.

नंतर कितीतरी वर्षं मी धावले. मग सुलेमान गेला आणि मला फणसाखाली लावलं. लोकांनी माझे दिवे नेले, हॉर्न नेला. ते कुवेती आरसे कुणी नेले नाहीत. चोरांनाही आवडनिवड असते.

मैमुना कधी कधी संध्याकाळी येते. आता ती डावीकडे बसत नाही, नवऱ्याच्या जागेवर बसते. बसण्याआधी पदराने डावा आरसा पुसते, मग त्यात बघत राहते. मागच्या सीटवर कोंबडी असते.

“अगो, सरक जरा,” ती म्हणते.

जुन्या मोटारीला भलते आरसे लावू नका, असं मी तुम्हाला बजावणार होते. तेवढ्यासाठीच हे सगळं सांगायला घेतलं. आता वाटतं, लावा, तुम्हाला अक्कल येईपर्यंत आम्ही काय थांबणार आहोत. फक्त पुसत जा. आणि माझ्या टपावर उड्या मारणाऱ्यांनो, डाव्या दाराला लाथ लागू देऊ नका. तो आरसा मुळाशी कडकडतो.