सेड नाही, क्लेम्ड

"काका, आता बदलता येणार नाही. तुम्ही मयताच्या घरचे आहात ना," फोनवर संस्कृती म्हणाली. ती शहरात इंग्रजी पेपरच्या ऑफिसात बातम्या तपासायची.

माजलगावच्या आपल्या किराणा दुकानात सिद्धलिंग पेपर पसरून बसला होता. बावीस वर्षं याच गल्ल्यावरून तो या पेपरला बातम्या पाठवत आला. आज बातमीत पहिल्यांदाच तो स्वतः होता.

त्याचा धाकटा भाऊ संगमेश साखर कारखान्यात मळीची टाकी साफ करताना गुदमरून मेला. सुपरवायझरने त्याला मास्क न देता आत उतरवलं, तेव्हा सिद्धलिंग दहा पावलांवर उभा होता. हंगामाची बातमी घ्यायला गेला होता. पाहिलं तसं त्याने लिहून पाठवलं. छापून आलं ते असं: व्यवस्थापन 'सेड', म्हणजे सांगितलं, की तो विनापरवानगी उतरला. मयताचा भाऊ 'क्लेम्ड', म्हणजे नुसता दावा केला, की त्याला उतरवलं. साहेब बोलला की ते झालेलंच असतं. भाऊ बोलला की ते नुसतं त्याचं म्हणणं असतं.

हे त्यानेच संस्कृतीला शिकवलं होतं. ती शिकाऊ म्हणून दुकानात यायची तेव्हा शेंगदाणे तोलता तोलता तो म्हणाला होता, "खुर्ची असंल तर सेड. नसंल तर क्लेम्ड. मंग कोर्टाची झंझट न्हाई." दोघंही हसले होते.

बावीस वर्षं त्याने हेच केलं. धरणात जमिनी गेलेले क्लेम्ड. गर्भपिशव्या काढलेल्या ऊसतोड बाया क्लेम्ड, डॉक्टर सेड. इस्त्रीच्या कपड्यात बोललेलं प्रत्येक खोटं सेड.

"अगं, मी बघितलंय," तो म्हणाला.

"बघितलंय असं तुमचं म्हणणं आहे, काका." ती कुत्सितपणे बोलली नाही. तिने फक्त नियम सांगितला.

पेपर घेऊन तो भावाच्या घरी गेला. पोलिसांनी कागदावर 'आपणहून उतरला' असंच लिहून घेतलं होतं. आता संगमेशच्या बायकोची, रुद्राणीची, सगळी भिस्त पेपरवर होती.

"आलं का भाऊजी?" तिने दारातच विचारलं.

"आलंय."

त्याने मराठी करून वाचलं. कारखान्याचं म्हणणं गाळलं. स्वतःच्या ओळीवर आल्यावर 'भावानं सांगितलं' असं वाचलं. शेजारची विमलबाई आली, तिलाही तसंच वाचून दाखवलं. मग मागच्या गल्लीतले हरिबा आले. प्रत्येक वेळी त्याचा आवाज थोडा जास्त ठाम झाला.

"पेपरातच आलंय म्हणल्यावर आता कोण न्हाई म्हणंल," रुद्राणी म्हणाली.

संगमेशची पोरगी प्रणिता तेवढ्यात चहा घेऊन आली. ती बारावीला होती.

"द्या काका. मला येतं वाचता."

त्याने पेपर सोडला नाही. तिने हलकेच ओढला, तेव्हा सुटला.

ती मनात वाचत गेली. एका जागी थांबली. मागे जाऊन पुन्हा वाचलं. मग काकाकडे पाहिलं. सिद्धलिंग कपातल्या चहाकडे बघत होता.

"वाच की मोठ्यानं," आई म्हणाली.

प्रणिताने घसा साफ केला.

"भावानं सांगितलं," ती वाचू लागली, "की त्यानं समदं डोळ्यांनी पायलं."